उपवासाची डबी

"गेल्या वर्षीच्या झावळ्या काढून ठेव गं फिलू!" सिसिलीबायने गेटाबाहेरून अशी हाक मारली की समजायचं, उपवासकाळ दाराशी आला. मला कॅलेंडर बघावं लागत नाही. सिसिलीबाय आमच्या वॉर्डातल्या प्रार्थनागटाची पुढारी. वय सत्तरीकडे झुकलेलं, पण आवाज असा खणखणीत की तिला माईक द्यायची कुणाची हिंमत होत नाही. यंदाही ती आली, कापडी पिशवी पसरून उभी राहिली, आणि घरातल्या अल्तारावरच्या, म्हणजे देव्हाऱ्यावरच्या, क्रुसामागे वर्षभर खोचून ठेवलेल्या वाळक्या झावळ्या मी तिच्या पिशवीत टाकल्या.

आमच्यातलं ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ईस्टरच्या आधीच्या रविवारी चर्चमध्ये माडाच्या कोवळ्या झावळ्या आशीर्वादित करून वाटतात. आम्ही त्या नाचवत, गात मिरवणुकीने आत जातो. घरी आणून त्यांचे छोटे क्रूस वळतो आणि घरातल्या अल्तारावर ठेवतो. वर्षभर त्या तिथेच वाळतात. मग पुढच्या वर्षी भस्म बुधवारच्या आधी त्या गोळा करून जाळायच्या, आणि तीच राख फादर आमच्या कपाळाला लावतात. गेल्या वर्षीचा सगळा जयजयकार यंदा चिमूटभर राख होऊन कपाळावर येतो. मला लहानपणापासून हे फार आवडतं. उगाच गोड गोड बोलणं नाही, आहे ते कपाळावर लावून मोकळं.

तर तिथून ईस्टरपर्यंतचे चाळीस दिवस म्हणजे आमचा उपवासकाळ. बोईसरला हे दिवस मोठे विचित्र असतात. पहाटे अजून अंगावर चादर लागते आणि दुपारी पंखा फुल करूनही घाम निथळतो. अंगणातल्या आंब्याला मोहोर आलेला असतो, त्याचा तो गोडसर, किंचित कडवट वास येतो, आणि वारा फिरला की त्याच्यावर कंपन्यांचा वास स्वार होतो. तारापूरकडून येणारा तो वास बाहेरच्या पाहुण्यांना सोसत नाही, आम्हाला तो नसला की चुकल्यासारखं होतं. मनोरच्या रस्त्याला पळस पेटलेले असतात. बाजारात जामची फळं येतात, पांढरे, पाणीदार. किनाऱ्यावरून कोळणी सुक्या बोंबलांच्या जुड्या घेऊन येतात आणि म्हणतात, "घे गं बाय, तुमचा उपास हाय ना, मटण नाय तर हे तरी घे."

त्यांना आमचं सगळं ठाऊक असतं. आमचा उपवास म्हणजे काहीतरी सोडायचं. कुणी मटण सोडतं, कुणी दारू, कुणी चहातली साखर. एकमेकांना भेटलं की पहिला प्रश्न, "तू काय सोडलंस?" ह्यात चढाओढही असते बरं का. मटण सोडून रोज पापलेट हाणणारे मी पाहिलेत, आणि ते सोडताना तोंड असं करतात जणू राजवाडाच सोडला. आमच्या वॉर्डातल्या एका बाईने टीव्हीवरची मालिका सोडली आणि चाळीस दिवस शेजारणीला रोज दारात गाठून विचारलं, काल काय झालं? हसू नका, तिलाही ते सोपं गेलं नसणार.

सोडलं की जे वाचेल ते डबीत टाकायचं. चर्चमधून प्रत्येक घराला पुठ्ठ्याची एक डबी मिळते. सपाट घडीची येते, आपण ती उघडून उभी करायची. वर एक फट असते. चहा सोडला तर चहाचे पैसे त्यात, सिनेमा सोडला तर सिनेमाचे. पवित्र आठवड्यात सगळ्या डब्या चर्चमध्ये जातात आणि ते पैसे गरिबांच्या कामाला लागतात. आमच्या अल्तारावर मारियेच्या मूर्तीशेजारी ती डबी उभी असते. यंदाचीही उभी आहे. ती बघितली की मला तो उपवासकाळ आठवतो, मायकलचा.

मायकल म्हणजे माझा नवरा. तारापूरच्या एका कंपनीत शिफ्ट सांभाळतो. पण चर्चमध्ये त्याची ओळख ती नाही. उपवासकाळातल्या दर शुक्रवारी आम्ही क्रुसाची वाट करतो, म्हणजे येशूला मरणदंड सुनावल्यापासून कबरीत ठेवेपर्यंतची चौदा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी थांबून प्रार्थना आणि गाणं. ते गाणं मायकलचं. लग्नाआधीपासून तोच गातो. त्याचा आवाज भारी आहे असं नाही, पण खरा आहे. मी कंपनीत टेलिफोनवर उमेदीची सगळी वर्षं काढली, मला आवाजातलं कळतं. माणूस "हॅलो" म्हणाला की त्याच्या घरी आज काय झालंय ते मी सांगू शकते, असं ऑफिसात सगळे म्हणायचे. थोडी अतिशयोक्ती आहे, पण थोडीच.

त्या उपवासकाळाच्या आधीच्या पावसाळ्यात हा आवाज बंद पडला. भांडण नाही, तंटा नाही. कामावर जायचा, यायचा, भिंतीकडे तोंड करून पडायचा. जेवायला बोलावलं तर यायचा, ताटात भात कालवत बसायचा. "काय झालं रे?" विचारलं की "काय नाय, शिफ्टचं हाय." कधी अॅसिडिटी, कधी थकवा, कधी हवामान. त्या पावसाळ्यात मी सगळी दुखणी ऐकली, एक खरं सोडून.

आणि सल्ले! आजाऱ्यापेक्षा सल्ले जास्त. कुणी आशीर्वादित तेल आणून दिलं. कुणी सांगितलं प्रार्थनेच्या शिबिराला, रिट्रीटला पाठवा, तिथे माणसं रडून मोकळी होतात. कुणी म्हणालं, घरात नक्की कुणीतरी माफ न केलेलं भांडण असणार, नीट आठवा. सिसिलीबाय तर रोज संध्याकाळी येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची. मनापासून करायची, खोटं कशाला बोलू? जाताना माझ्या कानाशी म्हणायची, "विश्वास कमी पडतोय गं त्याचा." मला तेव्हाही पटलं नाही आणि आजही नाही. ज्या माणसाला सकाळी दात घासायला उठवत नव्हतं तो उठून रविवारी चर्चमध्ये मिस्सेच्या प्रार्थनेला बसत होता, शेवटच्या बाकावर का होईना. त्याहून मोठा विश्वास मी तरी कुणाचा पाहिलेला नाही.

तेल मी लावलं. नोव्हेनाची प्रार्थनाही केली, नऊ दिवस, न चुकता. आणि दहाव्या दिवशी त्याला घेऊन पालघरला मनाच्या डॉक्टरकडे गेले. कोळगावच्या नव्या सरकारी इमारतींवरून रिक्षा जाताना तो पहिल्यांदा बोलला, "कुणी बघितलं तर?" मी म्हटलं, "बघू दे. जिल्ह्याचं ऑफिस हाय इथे, सांगू दाखला काढायला आलोय." तो थोडासा हसला. डॉक्टरीणबाई शांत होत्या. नीट ऐकून घेतलं, डिप्रेशन आहे म्हणाल्या, सकाळी एक आणि रात्री एक अशा गोळ्या दिल्या आणि बजावलं, मनाने बंद करायच्या नाहीत. दिवाळीपर्यंत त्याला झोप लागू लागली. नाताळात तो गायला. मी स्वयंपाकघरात नाताळचे कलकल आणि करंज्या तळत होते आणि बाहेरून त्याची गुणगुण ऐकू आली, तर मी झारा हातात धरून तशीच उभी राहिले आणि एक घाणा करपवला.

लोक मला विचारतात, मग नक्की कशाने बरं वाटलं, गोळीने की प्रार्थनेने? हा प्रश्नच मला चिडवतो. भात शिजला तो तांदळाने की पाण्याने, असं कुणी विचारतं का? देवाने मायकलला धरून ठेवलं ह्याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आणि गोळीने त्याच्या डोक्यात जे काय व्हायचं ते नीट केलं ह्याबद्दलही नाही. ह्या दोघांत भांडण आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी ते लावलेलं आहे. देवाची त्याबद्दल तक्रार असती तर ती मला कळली असती, मी त्याच्याशी रोज बोलते, आणि तोही माझ्यापासून काही लपवत नाही.

मायकलने मात्र लपवलं.

भस्म बुधवार आला. कपाळाला राख लावून फादरनी प्रवचन केलं. आमचे फादर तरुण आहेत, उत्साही, मोटारसायकलवरून फिरतात. ते म्हणाले, "यंदा सोपं काही सोडू नका. ज्याला तुम्ही सगळ्यात घट्ट धरून बसलाय, जे नसलं तर तुमचा दिवस जाणार नाही असं वाटतं, ते देवाला द्या." छान बोलले. मी साखर सोडायचं ठरवलं. मायकलला विचारलं, "तू काय सोडलंस?" तर म्हणाला, "सोडलंय एक." म्हटलं, असेल काही, सांगायचं नसेल. उपवास गाजावाजा न करता करावा असंच आमच्यात शिकवतात.

पहिला शुक्रवार बरा गेला. मग मोहोर गळून बारीक कैऱ्या दिसायला लागल्या आणि तसतसा मायकल पुन्हा विझत गेला. मला वाटलं उन्हाचं असेल, शिफ्टचं असेल. बघा, त्याचीच कारणं मी द्यायला लागले. मग एकदा बाजारात त्याच्या कंपनीच्या गेटवरचा वॉचमन भेटला, बिहारकडचा म्हातारा. तो म्हणाला, "भाभीजी, साहब आजकल गुनगुनाते नहीं. पहले तो गेट से अंदर जाते-जाते भी गाते थे." मी हातातली भाजी तशीच धरून विचारलं, "कब से?" तो म्हणाला, "यही होली के आसपास से." मी भाजी न घेताच तडक घरी आले.

गोळ्यांचं विचारलं. "घेतो ना," म्हणाला. पाकिटं बघितली, तर कमी होत होती. हिशोबाने बरोबर. मग काय म्हणायचं? आणि एका संध्याकाळी, आम्ही ओट्याशी उभे होतो, मी बोंबील साफ करत होते, तो नुसताच बघत होता, आणि अगदी सहज, मीठ दे म्हणावं तसं तो म्हणाला, "फिलू, मी नसतो तर तुझं बरं चाललं असतं."

त्या आवाजात राग नव्हता, रडं नव्हतं, काहीच नव्हतं. टेलिफोनवर लाईन तुटायच्या आधी एक पोकळ आवाज येतो ना, तसा. मी मासळीच्या हातांनीच त्याचा शर्ट धरला आणि म्हटलं, "असं परत बोललास तर बघ. मला तू पाहिजेस. गात असलास तरी पाहिजेस, नसलास तरी पाहिजेस." त्या दिवसापासून मी त्याला एकटं सोडलं नाही. दोन्ही वेळा कंपनीच्या बसपर्यंत सोडायला आणि आणायला जायचे. लोक हसायचे, नवरा काय पहिलीत आहे का म्हणून. हसू देत.

झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दुपारी मी अल्तार पुसायला घेतला. नव्या झावळ्या यायच्या म्हणून दरवर्षी पुसते. मूर्ती उचलली, मेणबत्त्या उचलल्या, आणि डबी उचलली. ती हलकी लागली. चाळीस दिवस संपत आले तरी हलकी? मी हलवली. नाण्यांचा आवाज नव्हे. कोरडा, कागदी, खुळखुळ असा. मला आवाजातलं कळतं म्हटलं ना. मी स्टुलावर उभी होते ती खाली बसले.

मायकलला पहिल्या शिफ्टच्या बसवरून घेऊन आले होते, तो बूट काढत होता.

"मायकल, ह्यात काय हाय?"

"उपवासाचं हाय."

"ते मला पण दिसतंय. काय हाय?"

तो बुटाची नाडी सोडत राहिला. सुटली होती तरी सोडत राहिला. मग म्हणाला, "गोळ्या."

मी डबी फोडली. पाकिटातली एकेक गोळी कात्रीने चौकोनी कापून, फटीतून आत सोडलेली. सकाळची वेगळी, रात्रीची वेगळी. माझा नवरा कामाला मोठा टापटीप आहे, इथेही कडा सरळ कापलेल्या होत्या. मांडीवर चांदीच्या चुऱ्यासारखा ढीग पडला आणि मी मोजायला लागले, सकाळच्या एकीकडे, रात्रीच्या दुसरीकडे.

तो समजावून सांगायला लागला, शांतपणे, शहाण्या माणसासारखा. "चहा सोडला की चहाचे पैसे टाकतात. मी गोळी सोडली, गोळी टाकली. फादर म्हणाले ना, सगळ्यात घट्ट धरलंय ते द्या. मी हेच घट्ट धरलंय फिलू. ह्याच्याशिवाय माझा दिवस जात नाय. माझा भरवसा देवावर पाहिजे की ह्याच्यावर?"

तेव्हा मला जी चीड आली! त्याच्यावर नव्हे, पण निघाली त्याच्यावरच. मी म्हटलं, "पाचवं ठिकाण कोण गातं रे? तूच ना? सिमोन येशूचा क्रूस उचलायला येतो ते? येशूने काय केलं, त्याला परत पाठवलं? 'नको बाबा, माझा उपवास हाय, मी एकटाच नेतो' म्हणाला? देवाच्या पोराने मदत घेतली आणि तू कोण लागून गेलास?"

मी गोळ्या पदरात घेतल्या आणि चर्चची वाट धरली. तो पायात चपला घालून माझ्यामागून निघाला, एवढं मात्र केलं.

फादर चर्चच्या मागच्या खोलीत जमिनीवर बसले होते, पालघरजवळच्या माहीमच्या वाडीतून आलेल्या झावळ्यांच्या ढिगात. तिथले एक वाडीवाले काका दरवर्षी टेम्पो भरून पाठवतात. स्वतः गणपतीवाले, पण "तुमच्या देवाच्या झावळ्या" म्हणून एक पैसा घेत नाहीत. फादरच्या हातात सुरी, झब्ब्याला चीक लागलेला. मी मूठभर गोळ्या त्यांच्यासमोर झावळ्यांवर ठेवल्या आणि सगळं सांगितलं, ओट्यापाशी तो जे बोलला तेही. ते ऐकून फादरनी सुरी बाजूला ठेवली. मग अगदी बारीक आवाजात म्हणाले, "मायकल, मला मोबाईल म्हणायचं होतं रे."

"काय?"

"प्रवचनात. घट्ट धरलेलं म्हणजे मोबाईल. मला वाटलं लोक मोबाईल सोडतील."

आणि काय सांगू, मला हसू फुटलं. रडत रडत हसले. मायकल आमच्या दोघांकडे बघत राहिला.

मग फादर सरळ बसले. "उपवास कुणाकुणाला माफ हाय, मायकल? तू दरवर्षी ऐकतोस."

मायकल शाळेतल्यासारखा म्हणाला, "म्हातारी माणसं, गरोदर बाया, आजारी."

"मग?"

"मी आजा..." मायकल थांबला. "माझं तसं नाय फादर. ताप नाय, रिपोर्ट नाय. उठून कामाला जातो. आजारी माणूस कामाला जातो का?"

"माफी आजाऱ्याला हाय," फादर म्हणाले. "तू आजारी हायस की नाय ते तू ठरव. नसशील तर उपवास कर, मटण सोड, बिडी सोड. असशील तर गोळी घे. दोन्ही एकदम नाय चालायचं. पण डॉक्टरांकडे उद्याच जा, ते मी ठरवलंय, तुला विचारत नाय." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे मी भस्म बुधवारीच बोलायला हवं होतं."

मला त्या माणसाचं तेव्हा फार कौतुक वाटलं. मोठं काही बोलले नाहीत, शास्त्र काढलं नाही, पण नस बरोबर धरली. मायकलला देवाची परीक्षा जड नव्हती. त्याला तो एक शब्द जड होता. उपवास माफ करून घ्यायचा म्हणजे तो शब्द स्वतःच्या तोंडाने म्हणावा लागतो. त्यापेक्षा त्याला गोळ्या देवाला देऊन टाकणं सोपं वाटलं.

डॉक्टरीणबाईंनी रविवार असूनही आम्हाला बघितलं. ओरडल्या नाहीत. डबीची गोष्ट ऐकून म्हणाल्या, "श्रावणात, नवरात्रात लोक गोळ्या सोडतात, तेव्हा मी आधीच बजावून ठेवते. तुमच्यातलं मला माहीत नव्हतं. आता लक्षात ठेवीन." मायकलला मरणाबद्दल सरळ विचारलं, तोही सरळ बोलला, माझ्यासमोर. ऐकताना जीव गेला माझा, पण बोलला ते बरं झालं. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, सुट्टी काढायला लावली, आणि सांगितलं, सकाळची गोळी रिकाम्या पोटी घ्यायची नाही, काहीतरी खाऊनच.

आणि पाच दिवसांवर गुड फ्रायडे.

गुड फ्रायडेला आमच्याकडे तीन वाजताची उपासना होईपर्यंत कुणी पाण्याशिवाय काही घेत नाही. नियम तेवढा कडक नाही, पण रीत आहे. सकाळी बाहेर रस्त्याने क्रुसाची वाट निघते, भर उन्हात, अनवाणी. चर्चच्या मागे मोठ्या टोपात पेज शिजत असते, मंगळूरवाले, केरळवाले, आम्ही, सगळे मिळून करतात, पण ती उपासना झाल्यावर. आणि बरणीभर ताज्या कैरीचं लोणचं सिसिलीबायच्या ताब्यात. तिच्या परवानगीशिवाय त्या बरणीला देवदूतसुद्धा हात लावणार नाही.

मायकल म्हणाला, "मी जातो गायला. जमेल तेवढं." मी डब्यात पेज घेतली आणि गोळी पदराला बांधली. म्हटलं घरी खा, तर म्हणाला, "आता घशाखाली नाय उतरत, तिथे बघू." चर्चच्या पायऱ्यांवर आम्ही बसलो. चारी बाजूंनी पांढऱ्या कपड्यातली माणसं, सगळ्यांची पोटं रिकामी. मी डबा उघडला. पेजेची वाफ वर आली आणि पन्नास माना वळल्या असतील. मायकलचा चमचा हातातच राहिला.

सिसिलीबाय आलीच. कमरेवर हात. "मायकल! अरे आज गुड फ्रायडे हाय!"

मी तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं, चांगलं झणझणीत. पण मायकलने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. त्याने वर बघितलं आणि म्हणाला, "मी आजारी हाय, सिसिलीबाय."

मागे कुठेतरी टोपात डाव फिरत होता, तेवढाच आवाज. एवढ्या महिन्यांत तो शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. अॅसिडिटी नाही, शिफ्ट नाही, हवामान नाही. आवाज कापरा होता, पण लाईन चालू होती. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि मी ते पुसलंही नाही.

सिसिलीबाय त्याच्याकडे बघत राहिली. मग डब्याकडे बघितलं. मग वळली आणि तरातरा चालत मागे गेली. मला वाटलं रागावली. ती परत आली तेव्हा तिच्या हातात बशी होती, आणि बशीत लोणचं.

"कोरडी पेज कशी जायची घशाखाली?" ती म्हणाली. "खा सावकाश. तोवर कोण निघत नाय."

आणि खरंच कुणी निघालं नाही. मायकलने पेज संपवली, मी पदराची गाठ सोडली, त्याने सगळ्यांसमोर गोळी घेतली. मग क्रूस उचलला गेला.

तो गायला. पहिल्या ठिकाणी आवाज फाटका होता, दुसऱ्याला जरा लागला. रस्ता तापलेला, बाजूने ट्रक जात होते, ड्रायव्हर वेग कमी करून कपाळाला हात लावत होते. पाचव्या ठिकाणी आम्ही थांबलो. सिमोनाच्या. मायकलने पहिली ओळ म्हटली, दुसरी म्हटली, आणि थांबला. त्याने गाण्याचं पुस्तक मिटलं नाही. तसंच उघडं, बोट ओळीवर ठेवून, शेजारी उभ्या सिसिलीबायच्या हातात दिलं. "पुढचं तुमी घ्या," म्हणाला. "मी मागून येतो."

सिसिलीबायने घेतलं. उरलेली नऊ ठिकाणं ती गायली, आणि देवाशपथ सांगते, इतकं बेसूर गाणं आमच्या चर्चच्या इतिहासात झालं नसेल. कुणी हसलं नाही. मायकल तिच्या मागून, हळूहळू, तिच्या बेसुरात सूर मिसळत चालत होता.

ईस्टरच्या सकाळी तो बरा झाला, असं मी सांगितलं तर तुम्हाला आवडेल. पण तसं काही झालं नाही. ईस्टरला तो मिस्सेनंतर दिवसभर झोपला. बरं वाटायला आंबे संपून पाऊस सुरू व्हावा लागला. आमचा प्रभू तिसऱ्या दिवशी उठला, सगळ्यांना ते जमावं असा काही हट्ट त्याने धरलेला नाही. मला विचाराल तर सावकाश उठणाऱ्यांवर त्याचा जास्त जीव असावा.

आता दरवर्षी भस्म बुधवारी उपवासाचे नियम वाचायचं काम सिसिलीबायकडे असतं. म्हातारे, गरोदर बाया, आजारी, एवढं वाचून ती थांबते, चष्म्यावरून सगळ्यांकडे बघते आणि कागदात नसलेलं एक वाक्य आपल्या त्या आवाजात म्हणते, "मनाचे आजारी पण. गोळी चालू असेल त्याने गोळी घ्यायची, देवाला द्यायची नाय, देवाला झोप येते." शेवटचं कुठून आणलं कुणास ठाऊक. फादर खाली मान घालून हसू दाबतात. गेल्या वर्षी त्यानंतर एक तरुण बाई तिच्याजवळ येऊन काहीतरी कुजबुजली, आणि सिसिलीबाय तिचा हात धरून बाहेर घेऊन गेली. काय बोलल्या ते मी विचारलं नाही.

यंदा मायकलने बिडी सोडली आहे. तिसऱ्यांदा. चिडचिड करतो, कैऱ्यांवर राग काढतो, पण गातोही. आणि उपवासकाळातल्या दर शनिवारी, मी कितीही कामात असले तरी, तो अल्तारावरची डबी घेऊन माझ्यामागे येतो, माझ्या कानाशी धरतो आणि हलवतो. मी कधी सांगितलेलं नाही, विचारलेलंही नाही. आजही आला. माझे हात पिठात होते.

खणखण नाणी वाजली.

"ऐकलंस?"

"ऐकलं," मी म्हटलं. "आता ती जागेवर ठेव आणि जेवायला बस. गोळी घ्यायची हाय."